अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कायदेशीर मर्यादा : महाराष्ट्रातील इतिहास

आपले विचार, मते, भावना व माहिती वाणीने, लेखनाने, मुद्रणाने, चित्राने, अभिनयाने किंवा अन्य कोणत्याही साधनाने प्रकट करण्याच्या व्यक्तीच्या हक्कास अभिव्यक्तिस्वातंत्र्य असे म्हणतात. हा हक्क कोणत्याही समाजाने निरपवाद मानलेला नाही. दुसऱ्याची अब्रू, न्यायदानाची निर्वेधता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता आणि राज्याची सुरक्षितता यांसाठी त्यावर निर्बंध घालण्यात येतात. तथापि मर्यादा असावी की नसावी, एवढाच प्रश्न या विषयाच्या इतिहासात नसतो. शब्दाचा परिणाम कोणत्या वाचकाच्या वा श्रोत्याच्या मनावरून मोजावयाचा, शब्द आणि अनर्थ यांच्यात किती निकटचा संबंध सिद्ध व्हावा लागतो आणि हा निर्णय आधी शासनाने घ्यावयाचा की नंतर न्यायालयाने, हे तीन प्रश्न त्याहून महत्त्वाचे होत. महाराष्ट्रातील गेल्या दीड शतकातील खटल्यांत या तीनही प्रश्नांची उत्तरे वेळोवेळी बदलत गेलेली दिसतात.

प्रदेश व अधिकारक्षेत्र : आजचे महाराष्ट्र राज्य भिन्न शासनांखालील प्रदेशांचे बनलेले असल्याने हा इतिहास सर्वत्र एकसारखा नाही. उदा., गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील चिचगड हे गाव. राज्याच्या पूर्व सीमेवरील वनप्रदेशातील हे पूर्वीचे जमीनदारीचे ठिकाण भंडारा जिल्ह्यात होते. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाल्यावर हा प्रदेश नागपूरच्या प्रशासनाखाली आला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर उच्च न्यायालयाचे निर्णय त्यास लागू झाले. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेश राज्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने तो मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा झाला. पुण्या-मुंबईचा वाचक ज्या काळी मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांनी बांधलेला होता, त्या काळी चिचगडच्या रहिवाशाला बोलण्या-लिहिण्याची मर्यादा नागपूरची न्यायपीठे आखून देत होती. पुढे पाहावयाचे, तर यांपैकी नागपूरच्या न्यायपीठाने घालून दिलेली कसोटीच अखेर सर्व देशाने स्वीकारली.

ब्रिटिश अंमलातील निर्बंध : भारतातील पहिले वृत्तपत्र १७८० मध्ये कलकत्त्यास निघाले आणि १७९९ मध्ये लॉर्ड वेलस्लीने वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादली. १८२३ च्या नियमांनी मुद्रणास परवाना आवश्यक करण्यात आला. सर चार्ल्स मेटकाफ याने १८३५ मध्ये हे निर्बंध उठविले. बाळशास्त्री जांभेकर यांनी सुरू केलेले दर्पण (१८३२) हे मराठीतील पहिले वृत्तपत्र याच संधिकालातील होय. १८५७ च्या उठावाच्या वेळी परवाना पद्धती काही काळ पुन्हा अंमलात आली. १८६७ च्या वृत्तपत्र व पुस्तक नोंदणी अधिनियमाने मुद्रक व प्रकाशक यांची नावे छापणे सक्तीचे झाले. हा अधिनियम दीड शतकाहून अधिक काळ अंमलात राहिला व २०२३ च्या नव्या अधिनियमाने त्याची जागा घेतली.

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत राजद्रोहाचे कलम नव्हते. ते १८७० मध्ये १२४ अ या क्रमांकाने घालण्यात आले. त्यानंतरच्या दहा वर्षांत आणखी दोन महत्त्वाचे कायदे झाले. १८७६ च्या नाट्यप्रयोग अधिनियमाने आक्षेपार्ह नाटकाचा प्रयोग बंद पाडण्याचा अधिकार शासनास मिळाला. १८७८ च्या देशी वृत्तपत्र अधिनियमाने देशी भाषांतील पत्रांकडून तारण घेण्याची व छापखाना जप्त करण्याची तरतूद केली. इंग्रजी पत्रांना यातून वगळले होते आणि शासनाच्या आदेशाविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याची सोय नव्हती. शब्दाच्या आशयापेक्षा तो कोणत्या भाषेत व कोणत्या वाचकापुढे ठेवला जातो, यावरून येथे मर्यादा ठरविली गेली. देशी भाषा वाचणारा मनुष्य सहज चिथावला जातो, हे त्यातील गृहीत होते. हा अधिनियम १८८२ मध्ये रद्द झाला. परंतु त्यामागील गृहीत पुढील अनेक खटल्यांत टिकून राहिले.

१८८२ मध्ये बाळ गंगाधर टिळक (१८५६–१९२०) व गोपाळ गणेश आगरकर (१८५६–९५) यांच्यावर कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यासंबंधीच्या लेखनावरून बदनामीचा खटला झाला व त्यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात त्यांनी मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस काढले. हा खटला व्यक्तीच्या अब्रूसंबंधी होता. त्यानंतरच्या राजद्रोहाच्या खटल्यांत प्रश्न शासनाच्या प्रतिष्ठेचा झाला.

टिळकांवरील तीन खटले : प्लेगच्या काळात पुण्यात रँड व आयर्स्ट या अधिकाऱ्यांचे खून झाले. त्यानंतर केसरीतील लेखनावरून टिळकांना २७ जुलै १८९७ रोजी अटक झाली. मुंबई उच्च न्यायालयात न्या. स्ट्रेची यांनी ज्यूरीस मार्गदर्शन करताना कलमातील ‘अप्रीती’ या शब्दाचा अर्थ प्रीतीचा अभाव असा केला. शासनाविषयी कोणत्याही प्रकारची दुर्भावना त्यात येते. ती तीव्र की सौम्य आणि तिच्यामुळे दंगा झाला की नाही, हे अप्रस्तुत होय, असे त्यांनी सांगितले. ज्यूरीतील सहा यूरोपीय सदस्यांनी टिळकांना दोषी, तर तिघा भारतीयांनी निर्दोष ठरविले. शिक्षा अठरा महिन्यांची झाली. या निर्णयाने शब्द व अनर्थ यांतील दुवा सिद्ध करण्याचे ओझे सरकारपक्षावरून जवळजवळ पूर्णपणे उतरविले. १८९८ च्या दुरुस्तीने हा अर्थ कलमात अधिक स्पष्टपणे आणण्यात आला आणि त्याच वेळी निरनिराळ्या वर्गांत वैरभाव वाढविण्यासंबंधीचे १५३ अ हे कलम दंडसंहितेत आले.

दुसरा खटला १९०८ चा होय. मुझफरपूर येथील बाँबस्फोटानंतर केसरीने लिहिलेल्या लेखांवरून टिळकांना २४ जून रोजी अटक झाली. १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले दिनशा दावर हेच आता न्यायासनावर होते. टिळकांनी स्वतःच आपला बचाव केला. लेखनातील मराठी शब्दांच्या इंग्रजी भाषांतरावर त्यांनी घेतलेले आक्षेप लक्षणीय आहेत. ज्या भाषेत लेख लिहिला व ज्या वाचकाने तो वाचला, त्या भाषेच्या व वाचकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यूरीने सातास दोन अशा मताने त्यांना दोषी ठरविले. २२ जुलै १९०८ रोजी त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली व त्यांस मंडालेस पाठविण्यात आले.

तिसरी कारवाई १९१६ मध्ये होमरूलच्या प्रचारार्थ केलेल्या भाषणांबद्दल झाली. दंडाधिकाऱ्याने चांगल्या वर्तनाबद्दल २०,००० रुपयांचा जातमुचलका व प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. मुंबई उच्च न्यायालयात टिळकांची बाजू मुहम्मद अली जिना यांनी मांडली. न्या. बॅचलर व न्या. शहा यांनी ९ नोव्हेंबर १९१६ रोजी हा आदेश रद्द केला. भाषणातील सुट्या वाक्यांऐवजी त्याचा एकंदर रोख पाहिला पाहिजे, ही भूमिका या निर्णयात दिसते. एकाच लेखक-वक्त्याच्या बाबतीत, एकाच कलमाच्या अर्थाविषयी एकोणीस वर्षांत झालेला हा पालट मर्यादेच्या इतिहासात बोधप्रद आहे.

नाट्य व मुद्रण यांवरील पूर्वनियंत्रण : खटल्याहून पूर्वनियंत्रण अधिक परिणामकारक ठरते, कारण त्यात पुरावा, ज्यूरी व निकाल यांची गरज राहत नाही. कृ. प्र. खाडिलकर (१८७२–१९४८) यांच्या कीचकवध (१९०७) या पौराणिक नाटकातील कथानकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झनच्या कारभाराचे रूपक दिसले. १९१० मध्ये शासनाने त्याच्या प्रयोगांवर बंदी घातली. काळ या पत्राचे संपादक शि. म. परांजपे (१८६४–१९२९) यांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. १९१० च्या मुद्रण अधिनियमाने नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांचे तारण घेण्याची तरतूद केली. छोट्या मराठी पत्रांना ही रक्कमच भारी होती. हा अधिनियम १९२२ मध्ये रद्द झाला. परंतु सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, १९३१ च्या आणीबाणी अधिकार अधिनियमाने तारणाची पद्धत पुन्हा आणली.

मध्य प्रांत : नागपूरकडील घडामोडी याच क्रमाने झाल्या. देशसेवक या मराठी पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर (१८७९–१९३१) यांना १९०८ मध्ये राजद्रोहाबद्दल कारावास घडला. त्याच वर्षी हिंदी केसरीचे संपादक माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांना १२४ अ कलमाखाली अटक झाली व क्षमायाचना केल्यावर त्यांची सुटका झाली. या क्षमायाचनेचा सल त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिला व काही वर्षे ते सार्वजनिक जीवनापासून दूर राहिले. शिक्षा न होताही कायदा मनुष्यास कसा मूक करू शकतो, याचे हे एक उदाहरण आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अभिव्यक्तिस्वातंत्र्य हाच एका चळवळीचा विषय झाला आणि तिचा प्रारंभ याच प्रांतात झाला. युद्धाविरुद्ध अहिंसक मार्गाने बोलण्याची मुभा असावी, ही महात्मा गांधींची मागणी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी मान्य केली नाही. तेव्हा वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबा भावे (१८९५–१९८२) यांनी १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे युद्धविरोधी भाषण केले. चार दिवसांनी त्यांना अटक होऊन तीन महिन्यांची शिक्षा झाली. या सत्याग्रहात भाषण हीच कृती होती आणि तीच अपराध ठरत होती. १९४२ मध्ये खंजिरी भजनांतून जनजागृती करणारे संत तुकडोजी महाराज (१९०९–६८) यांनाही स्थानबद्ध करण्यात आले. जेथे वृत्तपत्रे फार थोड्यांच्या हाती पडत, त्या खेड्यापाड्यांत भजन, दंडार व नाटक हीच अभिव्यक्तीची मुख्य साधने होती. शासनाचे लक्ष त्यांच्यावरही होते, हे यावरून कळते.

नागपूर उच्च न्यायालयाची कसोटी : १९४२ मध्ये संघ न्यायालयाने निहारेंदू दत्त मजुमदार खटल्यात असे ठरविले, की सार्वजनिक अव्यवस्था किंवा तिची वाजवी शक्यता हे राजद्रोहाचे मर्म होय. परंतु मुंबई इलाख्यातील सदाशिव नारायण भालेराव यांच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने १९४७ मध्ये हे मत अमान्य करून टिळक खटल्यातील व्यापक अर्थच पुन्हा प्रस्थापित केला. या दोन निर्णयांच्या दरम्यान नागपूर उच्च न्यायालयापुढे भगवती चरण शुक्ल विरुद्ध मध्य प्रांत व वऱ्हाड प्रांतिक शासन हे प्रकरण आले. त्यात न्या. व्हिव्हियन बोस (१८९१–१९८३) यांनी पुढील सूत्र मांडले : लेखनाचा परिणाम समंजस, खंबीर व धैर्यवान माणसांच्या मापाने मोजला पाहिजे. दुबळ्या वा डळमळीत मनाच्या, तसेच प्रत्येक प्रतिकूल मतात धोका पाहणाऱ्या माणसांच्या मापाने तो मोजू नये. १८७८ च्या कायद्यातील व १८९७ च्या निकालातील वाचक सहज भडकणारा होता. बोस यांचा वाचक विचार करणारा होता. कलमाचा शब्दही न बदलता मर्यादेची जागा यामुळे बदलली. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये तमस या दूरदर्शन-मालिकेसंबंधीच्या प्रकरणात ही कसोटी स्वीकारली.

संविधान व वाजवी निर्बंध : संविधान सभेत निर्बंधांच्या यादीतील ‘राजद्रोह’ हा शब्द १९४८ मध्ये क. मा. मुनशी यांच्या दुरुस्तीनंतर वगळण्यात आला. अनुच्छेद १९ (१) (अ) ने नागरिकांस भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले. मुंबईहून निघणाऱ्या क्रॉस रोड्स या साप्ताहिकास मद्रास राज्याने घातलेली प्रवेशबंदी सर्वोच्च न्यायालयाने मे १९५० मध्ये रमेश थापर प्रकरणात रद्द केली. राज्याची सुरक्षितता आणि स्थानिक शांतता या एकच गोष्टी नव्हेत, असे न्यायालयाने म्हटले. याचा परिणाम म्हणून १९५१ मध्ये संविधानाची पहिली दुरुस्ती झाली. तिने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध व अपराधास चिथावणी ही कारणे वाढविली. मात्र त्याच वेळी निर्बंध ‘वाजवी’ असला पाहिजे, ही अटही अनुच्छेद १९ (२) मध्ये आली. १९६३ मध्ये भारताची सार्वभौमता व एकात्मता हे कारण जोडण्यात आले. या आठ कारणांखेरीज अन्य कारणासाठी या हक्कावर निर्बंध घालता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले.

‘वाजवी’ या शब्दाचा अर्थ स्पष्ट झाला तो वृत्तपत्राच्या खटल्यात नव्हे, तर विडीच्या. मध्य प्रांत व वऱ्हाडच्या १९४८ च्या एका अधिनियमाने शेतीच्या हंगामात मजूर मिळावेत म्हणून ठरावीक खेड्यांत विड्या वळण्यास मनाई करता येत असे. सागर जिल्ह्यातील अशा आदेशास चिंतामण राव यांनी आव्हान दिले. ज्या वृद्ध, अपंग व स्त्रिया शेतीचे काम करूच शकत नाहीत, त्यांनाही ही मनाई लागू होती. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९५० मध्ये ती अवाजवी ठरविली. निर्बंध गरजेपेक्षा अधिक नसावा व तो मनमानी नसावा, हे तत्त्व येथून पुढे अनुच्छेद १९ मधील सर्व हक्कांस लावले गेले. चिचगडचा परिसर ज्या भंडारा जिल्ह्यात होता, तेथेही तेंदूपान व विडी हे उपजीविकेचे मोठे साधन होते. वक्त्याच्या हक्काची मोजपट्टी अशा रीतीने विडी-कामगाराच्या घरातून आलेली आहे.

पुण्याच्या सकाळ या दैनिकाने १९५६ च्या वृत्तपत्र (किंमत व पृष्ठे) अधिनियमास व त्याखालील १९६० च्या आदेशास आव्हान दिले. सात नव्या पैशांच्या किंमतीत हे पत्र सहा दिवसांत ३४ पाने देत असे. आदेशानुसार ती २४ करावी लागली असती किंवा किंमत वाढवावी लागली असती. पाने वा खप कमी करणे म्हणजे अभिव्यक्तीच कमी करणे होय आणि व्यापारी स्पर्धा रोखण्याचा हेतू अनुच्छेद १९ (२) मध्ये बसत नाही, असे ठरवून सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ही तरतूद रद्द केली. हे निकालपत्र पूर्वी नागपूर उच्च न्यायालयात न्यायाधीश असलेल्या जे. आर. मुधोळकर यांनी लिहिले. १९६२ च्या केदारनाथ सिंह निर्णयाने राजद्रोहाचे कलम वैध ठरविले. परंतु हिंसेस चिथावणी वा अव्यवस्था निर्माण करण्याची प्रवृत्ती असलेल्या शब्दांपुरतेच ते मर्यादित केले. संघ न्यायालयाचा १९४२ चा अर्थ अशा प्रकारे पुनरुज्जीवित झाला.

अश्लीलता : इंग्लंडमधील हिकलिन खटल्यात (१८६८) असे ठरले होते, की ज्यांची मने अनिष्ट प्रभावास वश होऊ शकतात, अशांना बिघडविण्याची प्रवृत्ती असलेले लेखन अश्लील होय. येथेही माप सर्वांत दुबळ्या वाचकाचे होते. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे (१८८२–१९५३) यांच्या समाजस्वास्थ्य (१९२७–५३) या मासिकावर १९३१ व १९३४ मध्ये खटले झाले. दुसऱ्या खटल्यात त्यांचा बचाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केला. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरे देणे हा ज्ञानप्रसार होय, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही व कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बा. सी. मर्ढेकर (१९०९–५६) यांच्या काही कविता (१९४७) या संग्रहावरील खटल्यात मात्र कवी निर्दोष ठरला. सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील पुस्तकविक्रेत्या रणजित उदेशी यांच्या प्रकरणात (१९६५) हिकलिन कसोटी काही फरकाने मान्य केली. रंभा या नियतकालिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील कथेवरून चंद्रकांत काकोडकर यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये त्यांची मुक्तता केली. संपूर्ण कृती विचारात घ्यावी व बदलत्या समाजाच्या रुचीकडे दुर्लक्ष करू नये, असे या निकालाचे सूत्र आहे. २०१४ मध्ये हिकलिन कसोटी सोडून समकालीन समाजाचे मानदंड स्वीकारले गेले. परंतु वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या महात्मा गांधींवरील कवितेसंबंधीच्या निर्णयात (२०१५) न्यायालयाने असे म्हटले, की ऐतिहासिक आदरणीय व्यक्तीच्या मुखी अश्लील भाषा घातल्यास हेच मानदंड अधिक कठोरपणे लागू होतात. क्षमायाचना केलेल्या मुद्रक-प्रकाशकांना मोकळे करण्यात आले. कवीला मात्र खटल्यास सामोरे जावे लागले. या निर्णयाने अनुच्छेद १९ (२) मध्ये नसलेली एक नवी मर्यादा आणली, अशी टीका झाली.

पुस्तकांची जप्ती व रंगभूमी : विशिष्ट लेखनाच्या प्रती सरकारजमा करण्याचा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेने शासनास दिला आहे. गोपाळ गोडसे यांच्या गांधीहत्या आणि मी या पुस्तकाची जप्ती मुंबई उच्च न्यायालयाच्या विशेष पीठाने १९६९ मध्ये रद्द केली. पुस्तक समग्रतेने वाचावे व जप्तीच्या आदेशात शासनाने आपल्या मताची कारणे द्यावीत, असे न्या. य. वि. चंद्रचूड यांच्या निकालाचे सार आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकाची जप्ती उच्च न्यायालयाने २००७ मध्ये रद्द केली व सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. मात्र त्याच वर्षी उच्च न्यायालयाने एका अन्य पुस्तकाची जप्ती योग्य ठरविली. या निर्णयांवरून जप्तीचा अधिकार अमान्य झालेला नसून तो कारणांशी बांधला गेला आहे, हे लक्षात येते.

नाटकाच्या संहितेची पूर्वतपासणी स्वातंत्र्योत्तर काळातही राहिली. विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्या सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकास परिनिरीक्षण मंडळाने विरोध केला. दिग्दर्शक कमलाकर सारंग यांनी उच्च न्यायालयात लढा देऊन ते पुन्हा रंगमंचावर आणले. १८७६ चा नाट्यप्रयोग अधिनियम २०१८ मध्ये निरसित झाला. परंतु संहितेच्या तपासणीची राज्यातील पद्धत निराळ्या नियमांवर आधारलेली असल्याने चालू राहिली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमीसारख्या लोकाश्रयावर जगणाऱ्या परंपरेच्या दृष्टीनेही हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आणीबाणी (१९७५–७७) : २६ जून १९७५ रोजी वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली आणि अनुच्छेद १९ चा आधार घेणे अशक्य झाले. मिनू मसानी यांच्या फ्रीडम फर्स्ट या मासिकातील अकरा मजकुरांना मुंबईच्या तपासनिसाने मनाई केली. न्या. मदन व न्या. कानिया यांनी फेब्रुवारी १९७६ मध्ये ही मनाई बेकायदा ठरविली. मूलभूत हक्क स्थगित असले, तरी तपासनिसाचा अधिकार नियमात सांगितलेल्या हेतूंपुरताच असतो. सर्व पत्रांकडून एकाच सुरात बोलवून घेणे हा तो हेतू नव्हे आणि शासनाच्या धोरणाशी मतभेद हा अपराध नव्हे, असा या निर्णयाचा आशय होता. हक्काचे कवच निघून गेल्यावरही शासनास कायद्याच्या चौकटीत ठेवता येते, हे त्याने दाखवून दिले.

अलीकडील घडामोडी : २०१२ मध्ये समाजमाध्यमावरील मजकुरावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. त्यातून निर्माण झालेल्या श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे ६६ अ कलम रद्द केले. चर्चा, समर्थन व चिथावणी असे तीन टप्पे मानून केवळ तिसऱ्याच टप्प्यावर निर्बंध घालता येतो, असे त्याने सांगितले. त्याच महिन्यात व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने राजद्रोहाचे कलम लावताना पोलिसांनी पाळावयाची तत्त्वे ठरवून दिली. फौजदारी बदनामीची तरतूद २०१६ मध्ये वैध ठरली. राजद्रोहाच्या कलमाची अंमलबजावणी मे २०२२ मध्ये थांबविण्यात आली. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत राजद्रोह हा शब्द नाही. मात्र तिच्या १५२ व्या कलमाने देशाची सार्वभौमता, एकता व अखंडता धोक्यात आणणारे, जाणूनबुजून केलेले भाषण व लेखन दंडनीय केले आहे. शासनाविषयीच्या मजकुराची सत्यासत्यता शासकीय यंत्रणेनेच ठरविण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये अवैध ठरविला. छत्तीसगढच्या २००५ च्या विशेष जनसुरक्षा अधिनियमात बोललेले वा लिहिलेले शब्दही बेकायदा कृत्याच्या व्याख्येत येतात. महाराष्ट्र विधिमंडळाने अशा स्वरूपाचे विधेयक जुलै २०२५ मध्ये संमत केले, तेव्हा व्याख्येच्या व्यापकतेवर मोठा वाद झाला. नक्षलवादी चळवळीची झळ लागलेल्या देवरी-चिचगडसारख्या सीमावर्ती भागात सुरक्षितता व स्वातंत्र्य या दोहोंची गरज एकाच वेळी तीव्रतेने जाणवते.

मूल्यमापन : न्यायालयांनी अखेर निर्दोष ठरविलेल्या लेखकांची संख्या पाहता, या इतिहासात शिक्षेपेक्षा प्रक्रियेचा जाच अधिक आढळतो. अटक, तारण, जप्ती व दीर्घकाळ चालणारा खटला यांनी निकालापूर्वीच मर्यादा घातलेली असते. या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाचा २८ मार्च २०२५ रोजीचा इम्रान प्रतापगढी प्रकरणातील निर्णय उल्लेखनीय आहे. शब्दांवरून गुन्हा नोंदविण्यापूर्वी पोलीस अधिकाऱ्याने ते शब्द वाचून अथवा ऐकून त्यांचा अर्थ समजून घ्यावा आणि तो समंजस व खंबीर मनाच्या मापाने मोजावा, असे न्यायालयाने सांगितले. न्या. बोस यांनी नागपूरच्या न्यायासनावरून घालून दिलेली कसोटी अशा प्रकारे न्यायालयाच्या दालनातून पोलीस ठाण्यापर्यंत आली. चिचगडच्या ठाण्यातही ती तितकीच बंधनकारक आहे. ती तेथे कशी पाळली जाते, यावरच या स्वातंत्र्याची खरी व्याप्ती अवलंबून राहील.